ताईच्या सासऱ्यांची सायकल

सायकल हे वाहन माणसाने त्यावरून खाली उतरण्यासाठी शोधून काढले आहे, असे मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या ताईचे सासरे. बाकीचे लोक सायकलीवर बसून कुठेतरी जातात; हे सायकलीला बरोबर घेऊन जात. नवी पेठेतून स्टेशनाकडे निघाले, तर वाटेत जितका वेळ ते सायकलीवर असत त्याहून अधिक वेळ तिच्या शेजारी असत. पेठेतले दुकानदार त्यांना पाहिले की, 'शिरस्तेदार सायकलीला फिरवून आणायला निघाले' असे एकमेकांना सांगत. हे त्यांच्या कानावर जाई, पण त्यांना त्याचा राग कधी आला नाही. उलट ते थांबून, 'हो, जरा चौकापर्यंत नेऊन आणतो' असे गंभीरपणे सांगत आणि पुढे चालू लागत. चालू लागत हा शब्द मी अगदी विचारपूर्वक वापरला आहे.

ते फौजदारी कोर्टात शिरस्तेदार होते, आणि त्यांच्या सायकलीचे सगळे मूळ त्या कोर्टात होते. नोकरीचा उभा जन्म त्यांनी न्यायाधीशाच्या खाली बसून खटले ऐकण्यात घालवला. चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या यांत त्यांना फारसा रस नव्हता. पण शहरात कोणी कोणाच्या अंगावर गाडी घातली, टांगा उलटला, सायकलवाला हौदात पडला, असा खटला आला की ते कान टवकारत. पेन्शन घेतल्यावर लोक जपमाळ घेतात, हे सायकल घेऊन आले. आणि मग असे झाले की सोलापूरचा एकेक रस्ता म्हणजे त्यांच्या लेखी एकेक जुना खटला. आपण बरोबर चालत असलो की ते मध्येच थबकत आणि एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या वळणाकडे बोट दाखवून म्हणत, "इथं बांगडीवाल्याला टांग्याचा दांडा लागला. टांगेवाल्याचं म्हणणं, मी हाळी दिली. बांगडीवाल्याचं म्हणणं, मला वाटलं घोड्याला दिली. दोघंही खरं बोलत होते." मग ते उतरत आणि ते वळण पायी पार करत. अशा वळणांना सोलापुरात तोटा नव्हता. गिरणीचा भोंगा झाला की माणसांचा लोंढा रस्त्यावर येई, त्यात कापसाच्या गाठी लादलेल्या बैलगाड्या, हातगाड्या, उतारूंसाठी नव्याने सुरू झालेल्या सर्व्हिस मोटारी आणि या सगळ्यांतून आपल्याच नादात जाणाऱ्या म्हशी. भोंगा ऐकू आला की शिरस्तेदार जिथे असतील तिथे भिंतीला सायकल लावून उभे राहत आणि लोंढा ओसरल्यावरच हलत. गर्दीला आपली वाट ठाऊक असते, आपण मध्ये शिरून तिला नवी दाखवू नये, असे त्यांचे म्हणणे.

घरातून निघण्याचा त्यांचा सोहळा तर पाहण्यासारखा असे. आधी दोन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहायची, मग ब्रेक, मग साखळी, मग अंगणातच घंटा वाजवून पाहायची. ही घंटा ऐकून शेजारच्या बाई पोस्टमन आला म्हणून रोज बाहेर येत आणि रोज हिरमुसून आत जात. मग धोतर. धोतराचा सोगा साखळीत जाऊन भर रस्त्यात एका सभ्य गृहस्थाची काय अवस्था झाली, त्याचा खटला त्यांना तोंडपाठ होता, त्यामुळे ते दोन्ही पायांवर धोतर गुंडाळून कोर्टाच्या दप्तराला बांधतात त्या लाल फितीने आवळून बांधत. त्या वेषात ते एखाद्या निकाली निघालेल्या प्रकरणासारखे दिसत. इतके झाल्यावर सायकल रस्त्यावर आणायची आणि मागे वळून पाहायचे. मागचा रस्ता रिकामा झाल्याशिवाय टांग मारायची नाही हा नियम. आता नवी पेठेत रस्ता रिकामा कधी होणार? एकदा ते एका कापडाच्या दुकानासमोर असे मागे पाहत इतका वेळ उभे राहिले, की दुकानदाराने त्यांच्यासाठी आतून खुर्ची आणून ठेवली, आणि तेही आभार मानून तीवर बसले आणि बसून मागे पाहू लागले.

म्हशीविषयी त्यांची मते फार पक्की होती. घोडा बिचकतो, बैल मारतो, पण त्यांचे काहीतरी ठरलेले असते. म्हैस मात्र कधी वळेल हे म्हशीलाही आधी माहीत नसते. "म्हशीवर समन्स बजावता येत नाही, हे ध्यानात ठेवून तिच्याशी वागावं," असे ते मला बजावत. उभ्या टांग्याच्या शेजारून जाताना हातभर अंतर ठेवावे आणि टांग्याकडे न पाहता टांग्याखाली दिसणाऱ्या पायांकडे पाहावे, कारण माणूस उतरण्याआधी त्याचा पाय उतरतो. पोरे खेळत असतील तर चेंडूकडे पाहावे. चेंडूच्या मागून पोर येतेच. म्हातारीच्या मागे घंटा वाजवू नये, ती दचकून नेमकी आपल्याच बाजूला उडी मारते. त्यापेक्षा लांबून खाकरावे. ते स्वतः नुसते खाकरत नसत, तर "आजीबाई, मी उजव्या हातानं जातोय, तुम्ही आहात तशाच चला" असे सांगत. मग आजीबाई साहजिकच थांबत, कोण कुठले विचारत, आणि बहुधा त्यांच्या माहेरचे कोणीतरी ओळखीचे निघे. शिरस्तेदार पुन्हा उतरत.

दिव्याचे तर विचारूच नका. दिवा दिवेलागणीला लावतात, हे चारपासूनच लावून निघत. एका पोलिसाने त्यांना भर उन्हात दिवा लावून येताना पाहून अडवले. बिनदिव्याच्या सायकली धरण्याची त्याची सवय. दिव्याची धरल्यावर पुढे काय करायचे हे त्याला सुचेना. शिरस्तेदार म्हणाले, संध्याकाळ होणार हे नक्की आहे, मी कुठे असेन हे नक्की नाही. पोलिसाने सलाम ठोकून त्यांना जाऊ दिले.

आम्ही सगळे त्यांना हसत असू. मीही हसत असे. पण त्यांच्या या सावधपणाची दुसरी बाजू होती आणि ती आम्हाला ठाऊक होती, म्हणून ते हसणे ओठांवरच राही. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझे मेहुणे, लग्नानंतर तीन वर्षांतच विषमज्वराने गेले. माझी ताई तेव्हा ऐन विशीत होती. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय होत असे ते सांगायला नको. आमची आई तिला घरी घेऊन यायला निघाली होती. पण शिरस्तेदारांनी तेरावा झाल्यावर बायकोला समोर बसवून सांगितले की सूनबाई पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जातील आणि मास्तरीण होतील, आणि खरोखरच त्यांनी तिला नेऊन पोचवले. ती शिकून आली आणि शहराच्या पूर्वेला, साळ्यांच्या वस्तीच्या पलीकडे मुलींची एक शाळा होती तिथे लागली. त्या शाळेने माझी बहीण मला परत दिली, हे मी आजही म्हणतो. सुतकी चेहऱ्याने कोपऱ्यात बसणारी ताई पोरींच्या खोड्या सांगून पुन्हा हसायला लागली.

अडचण होती ती अंतराची. घर शहराच्या या टोकाला, शाळा त्या टोकाला. पावसाळ्या-हिवाळ्यात ताई चालत जाई. उन्हाळ्यात शाळा सकाळची, म्हणजे सुटायची दुपारी, आणि सोलापूरची वैशाखातली दुपार काय असते ते सोलापूरकरांनाच ठाऊक. सकाळी टांगे सगळे गाडीच्या वेळेला स्टेशनवर, दुपारी घोड्यांनाही बाहेर काढत नसत. एका वैशाखात ताई परत येताना बाळीवेशीजवळ घेरी येऊन पडली. कोणा भल्या माणसांनी तिला सावलीत निजवून घरी निरोप धाडला. त्या दिवशी तिच्या सासूबाई आणि आमची आई, ज्यांचे एरवी लिंबाच्या लोणच्यावरही एकमत होत नसे, त्या दोघींनी एका तोंडाने सांगितले की पुढच्या उन्हाळ्याच्या आत राजीनामा द्यायचा.  ताई पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली. ते मी पाहिले तसे शिरस्तेदारांनीही पाहिले असणार. कारण संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उलगडल्यावर एके दिवशी ते आपली सायकल एका हाताने आणि दुसरी एक सायकल दुसऱ्या हाताने धरून, अर्थात पायी, घरी आले. रेल्वेतल्या कोणा गोऱ्या साहेबाची मडम विलायतेला परत गेली होती, तिची ती मधला दांडा नसलेली सायकल.

पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात जे झाले त्याला खटला हाच शब्द. सासूबाईंनी अन्न सोडण्यापर्यंत मजल नेली. आमची आई म्हणाली, लोक तोंडात शेण घालतील. शिरस्तेदारांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या, आणि शेवटी जी तडजोड झाली ती अशी: सूनबाईंनी सायकल शिकावी, चैत्रात शाळा सकाळची झाली की सायकलीवर जावे, पण घरातले कोणीही त्या यंत्रावरून एकदा जरी पडले, तरी त्याच दिवशी दोन्ही सायकली माळ्यावर जातील आणि शाळेत राजीनामा जाईल. "कोणीही म्हणजे कोणीही," सासूबाईंनी नवऱ्याकडे बघून सांगितले. त्यांनी मान्य केले. स्वतःविषयी त्यांना काळजी नव्हतीच.

मग किल्ल्याजवळच्या मैदानात उजाडायच्या सुमारास ताईचे शिक्षण सुरू झाले. तोल सांभाळायला ती चार दिवसांत शिकली. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की सायकल अडत नाही, हे तिचे तिनेच शोधून काढले. पण शिरस्तेदारांच्या मते तोल ही किरकोळ बाब होती. खरे शिक्षण म्हणजे रहदारी, आणि मैदानात रहदारी कुठून आणायची? त्यांनी ती आणली. कोर्टातला एक निवृत्त पट्टेवाला त्यांनी टांगा म्हणून उभा केला. तो दोन बांबू बगलेत धरून पळे आणि मध्येच, न सांगता थांबे. मला त्यांनी म्हैस केले. मी बँकेत कारकून होतो, माझे नुकतेच लग्न ठरले होते, आणि मी रोज पहाटे सोलापूरच्या किल्ल्यासमोर म्हैस होत होतो. शिवाय माझे कामही त्यांच्या पसंतीस उतरेना. "अहो पाहुणे, तुम्ही विचार करून वळताय," ते म्हणत, "म्हैस विचार करत नाही." ताई हसून हसून उतरायची. पण उतरायची ती बरोबर, डावीकडे, ब्रेक धरून, मागे पाहून. महिनाभरात ती माझ्यासारख्या म्हशीलाच काय, खऱ्या म्हशीलाही चुकवू लागली. फाल्गुनात शिरस्तेदार तिला घेऊन रस्त्यावर निघाले. पुढे ते, मागे ती. लोक दुकानांतून उठून बाहेर येऊन पाहत. काही टवाळ पोरे मागून ओरडली तेव्हा शिरस्तेदार उतरून त्यांच्यापाशी गेले आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालणे सुरक्षित असते ते त्यांना इतके सविस्तर समजावून सांगू लागले, की ती पोरे पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाहीत.

या सगळ्या रस्त्यात एकच जागा अशी होती की तिथे ते ताईला पुन्हा पुन्हा बजावत, आणि ती म्हणजे शाळेअलीकडची साळ्यांची गल्ली. सकाळच्या वेळी तिथले विणकर आपले ताणे रस्त्यावरच पसरतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुतांचा लांबच लांब पट्टा बांबूच्या कैच्यांवर कमरेइतका उंच ताणून ठेवतात, त्याला खळ लावतात आणि मोठ्या कुंच्याने सारखा करतात. गल्ली पूर्वेकडे जाते, त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येते आणि ते बारीक सूत दिसता दिसत नाही. खाली सांडलेल्या खळीने जमीन निसरडी झालेली असते, ती वेगळीच. "गल्लीच्या तोंडाशी उतरायचं, सूनबाई," ते सांगत. "भिंतीला धरून चालत जायचं. ताणा म्हणजे त्या माणसांचं पोट आहे, आणि आपली हाडं आहेत."

गुढीपाडवा झाला आणि सकाळची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी ताई एकटी जाणार असे ठरले होते. शिरस्तेदारांनी स्वतःच तसे जाहीर केले. रोज कोणीतरी बरोबर असेल तर तिला कधीच येणार नाही, ते म्हणाले, आणि पेपर घेऊन झोपाळ्यावर बसले. तिकडे आमच्या घरी आईला चैन पडेना. तिने मला ताईच्या मागोमाग जायला सांगितले. माझी कचेरी अकराची, तेव्हा मी निघालो. ताई अंगणातून बाहेर पडली, मागे पाहून टांग मारली आणि गेली. मी कोपऱ्यावर उभा होतो. तेवढ्यात मागच्या दाराने शिरस्तेदार आपली सायकल घेऊन बाहेर पडताना दिसले. मला हसू आले. आता दोघांच्या मागे जायचे, आणि त्यांच्यामागे जायला तर सायकलीचीही गरज नाही, असे म्हणून मी रमत चालू लागलो.

आणि मग मला पळावे लागले. शिरस्तेदार सायकल चालवत होते. म्हणजे खरोखर चालवत होते. त्यांनी चाके दाबून पाहिली नव्हती. पायाला फीत नव्हती, सोगा वाऱ्यावर उडत होता. पहिला चौक आला, ते उतरले नाहीत. टिळक चौक आला, तिथेही उतरले नाहीत. एका उभ्या टांग्याला अगदी घासून गेले आणि टांगेवाला त्यांना ओळखून आ वासून पाहत राहिला. एक म्हैस वळली, ती त्यांना दिसलीच नाही. नशिबाने तिने आपला विचार बदलला. त्यांची मान एखाद्या खुंटीसारखी ताठ आणि नजर दूर पुढे, ताईच्या पांढऱ्या लुगड्यावर. ती कुठे उतरते, कुठे पाहते, कुठे चढते, एवढेच ते पाहत होते. बाकी सोलापूर त्यांच्या दृष्टीने त्या सकाळी नव्हतेच. मी धापा टाकत पळत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती.

साळ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ताई उतरली. ऊन डोळ्यांवर आले म्हणून तिने पदर कपाळावर ओढला, सायकल भिंतीच्या बाजूला घेतली आणि सावकाश चालत निघाली. ताण्याला कुंचा मारणाऱ्या बाईने हात थांबवून तिला वाट दिली. पलीकडच्या टोकाला जाऊन ताईने मागे पाहिले, आम्ही अजून गल्लीत शिरलो नव्हतो म्हणून आम्ही काही तिला दिसलो नाही, आणि ती सायकलीवर बसून शाळेच्या वळणावर दिसेनाशी झाली. नेमक्या त्याच क्षणी शिरस्तेदार आनंदाने मान उंचावून, तिचे वळणे नीट दिसावे म्हणून, थेट ताण्यात शिरले.

मी पोचलो तेव्हा दोन कैच्या आडव्या झाल्या होत्या आणि शिरस्तेदार लाल सुतात गुंडाळलेले, मिशांना खळ लागलेली, असे जमिनीवर बसले होते. सायकलीचे चाक अजून फिरत होते. मी त्यांना उठवायला गेलो तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"वळल्या का नीट?" त्यांनी विचारले.

"वळली. शाळेत पोचलीसुद्धा असेल."

"पाहिलं का त्यांनी मला?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटले, माझी बहीण लग्न होऊन त्या घरात गेली त्या दिवसापासून तो त्यांनी कोंडून धरला होता. मलाही एकदम इतके हलके वाटले की मी त्यांच्याशेजारी त्या खळीतच बसलो. आमचे हे सुख त्या विणकर बाईला मात्र बघवले नाही. ती कुंचा घेऊनच आली.

"काय वो मालक, डोळे हायती का न्हाईत? एवढा गल्लीभर ताणा दिसंना तुमाला? आता ह्ये कोण जोडणार, तुमी जोडताय?"

"जोडतो," शिरस्तेदार उभे राहत म्हणाले. "गुन्हा कबूल आहे. कसं जोडायचं ते दाखवा."

आणि आम्ही खरेच जोडायला बसलो. बोटाला राख लावायची, तुटलेल्या सुताची दोन टोके एकत्र धरून वळायची, की ती एक होतात. सांगायला सोपे वाटते. त्या बाईची बोटे चिमणीने दाणे टिपावे तशी चालत होती. आमची दोघांची मिळून एक गाठ होईपर्यंत तिच्या दहा होत. ऊन चढत होते, माझी अकराची कचेरी बुडत होती, खळ वाळत होती, ती बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो. तिचा नवरा मधून मधून तेलुगूत काहीतरी म्हणे आणि घरातून हसण्याचा आवाज येई. अर्थ विचारण्याची आमची छाती नव्हती. राग थोडा निवल्यावर तिने विचारले, तुमच्या म्होरं गेली ती बाई कोण. शिरस्तेदारांनी माझी सून म्हणून सांगितले.

"ती बगा कशी शानी," बाई म्हणाली. "तिथंच उतरली, भितीकडंनं गेली, सूतबी हाललं न्हाय. तिला ज्येनं सायकल शिकवली, त्येच्याकडं तुमीबी जावा की चार दिस."

शिरस्तेदारांनी राखेने भरलेल्या बोटांनी हातातले सूत वळून पुरे केले. मग म्हणाले, "जायला पाहिजे खरं." मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवून ताण्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो. पण त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. मुलाचा शाळेत पहिला नंबर आल्याचे कोणी सांगितल्यावर बापाचा चेहरा होतो तसा तो झाला होता.

शाळा सुटायच्या आत आम्हाला तिथून निघायला हवे होते. किल्ल्याजवळच्या तळ्यावर जाऊन त्यांनी धोतर धुतले, पण सुताचा लाल रंग काही गेला नाही. घाटावर बसून त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "घरी बोलायचं नाही, पाहुणे. माझ्या अब्रूचं सोडा. मी पडलो हे आत कळलं, तर उद्या सकाळी सूनबाईंची सायकल माळ्यावर असेल." मी शब्द दिला. त्यांच्या घरी आलो तेव्हा ताई आधीच पोचली होती. आमची आई तिथे येऊन तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकत होती आणि सासूबाई, ज्यांनी अन्न सोडण्याची धमकी दिली होती, त्या सायकलीला कुंकू लावत होत्या. धोतरावरच्या लाल डागांचे काय, असे त्यांनी विचारले तेव्हा शिरस्तेदार म्हणाले, देवळात गेलो होतो, कुंकू सांडले. सासूबाईंना ते पटले. नवरा देवळात गेला याचाच त्यांना इतका आनंद झाला, की डागांकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

त्या दिवसानंतर शिरस्तेदार पुन्हा ताईच्या मागे गेले नाहीत. चाके दाबून, फीत बांधून, चौकाचौकात उतरत त्यांची सायकल पूर्वीसारखी सुरू झाली ती पुढे बरीच वर्षे चालली. ताई त्याच शाळेत मोठी बाई, म्हणजे हेडमास्तरीण झाली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघी मास्तरणी सायकलीवर येऊ लागल्या. त्यांनाही शिरस्तेदारांनीच शिकवले. तोपर्यंत माझे लग्न होऊन माझ्यामागे पोरेबाळे लागली होती, त्यामुळे म्हशीचे काम दुसऱ्या कोणाला तरी मिळाले.

ते गेले तेव्हा पेठेतली कितीतरी दुकाने अर्धा दिवस बंद होती. दिवस झाल्यावर एका दुपारी मी आणि ताई त्यांच्या झोपाळ्यावर बसलो होतो. समाचाराला आलेले कोणीतरी नुकतेच म्हणून गेले होते, की शिरस्तेदार आयुष्यात कधी सायकलीवरून पडले नाहीत. मी हो हो म्हटले होते. शब्द दिला होता आणि तो पाळायची इतक्या वर्षांची सवय झाली होती.

"एकदा पडले होते," ताई खाली पाहत म्हणाली.

मी पायाने झोपाळा थांबवला. तिने सांगितले, दुसऱ्याच दिवशी त्या गल्लीतल्या बाईने तिला थांबवले आणि सगळे सांगितले. म्हणाली, तुमचा म्हातारा लई चांगला हाय, दुपारपातुर बसून सूत जोडलं, पण त्येला सायकल येत न्हाय, जरा संबाळा.

"मग इतकी वर्षं तू बोलली कशी नाहीस?"

"कशी बोलणार?" ताई म्हणाली. "सासूबाईंनी त्यांची सायकल माळ्यावर टाकली असती. मग त्यांनी दिवसभर काय केलं असतं?"

तिने डोळ्यांना पदर लावला आणि मग आम्ही दोघेही हसू लागलो. हसण्याचा आवाज ऐकून सासूबाई आतून बाहेर आल्या आणि काय झाले म्हणून विचारू लागल्या. ताई म्हणाली, काही नाही, मामंजींची आठवण निघाली. सासूबाई आमच्यामध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, माणूस तसा फार सांभाळून चालवायचा हो. आम्ही दोघांनीही हो म्हटले.